खटका चारवरच

मिलिंदने भाड्याने आणलेला स्पीकरचा खोका जोडला आणि चाकाच्या खुर्चीतल्या सॅम्युएलकाकांनी त्यावरचा आकडा वाचला. खोका सोळा ओहमचा होता. त्यांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमागचा, खोक्याच्या ओहमशी जुळवायचा खटका मात्र चारवरच होता, कारण त्यांचा मोडलेला खोका चारचा. आता खटका सोळावर नेला नाही, तर जोरात वाजवल्याबरोबर आतला ट्रान्सफॉर्मर जळणार.

पण सांगणार कसं? अर्धांगवायूने उजव्या अंगाबरोबर वाचाही नेली होती. आणि आज तर सगळा ऑर्केस्ट्रा त्यांच्या सत्काराला जमला होता. बास गिटार काकांच्याच ॲम्प्लिफायरवर वाजवायची, हा सगळ्यांचा हट्ट. काकांनी डावा हात कसाबसा उचलून खटका दाखवला. "अं... अं..."

"हा फिरवायचा का, काका?" मिलिंद वाकला. काकांनी जीव खाऊन मान डोलावली.

तेवढ्यात त्यांची बायको, रूथबाई, लगबगीने मध्ये आली. "नको रे बाबा! त्याला कुणी हात लावलेला ह्यांना खपत नाही. मी एकदा नुसतं फडकं मारलं, तर घर डोक्यावर घेतलं होतं!"

मिलिंदने हसत कान पकडले आणि गिटार गळ्यात अडकवली. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघा, किती भरून आलंय," कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. मिलिंदने आवाज पुरता चढवला.

रूथबाईने पदराने त्यांचे डोळे टिपले, तो उचललेला हात हळूच खाली घेतला आणि मायेने आपल्या दोन्ही हातांत गच्च धरून ठेवला.