बोलकी मतदार चिठ्ठी

सकाळी भाकऱ्या थापताना अनुसया गुरवने निवडणुकीसाठी घरोघरी वाटलेल्या, चुलीशेजारी ठेवलेल्या बोलक्या मतदार चिठ्ठीला सहज विचारलं, "आमच्या वॉर्डातली पाण्याची टाकी कुणी बांधली?"

"सर्जेराव ढमाले यांच्या मेव्हण्याने," चिठ्ठी म्हणाली. "काम कागदोपत्री पूर्ण आहे."

दुपारी उमेदवार सर्जेराव दारात हजर. त्याने हात जोडलेच नाहीत.

"वहिनी, टाकीची चौकशी करत होता म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने हातातला मोबाइल पुढे केला. चिठ्ठीला कुणी काय विचारलं, ते नावानिशी तिथे उमटत होतं.

"उमेदवारालाही माहिती मिळते, वहिनी. माझा टँकर पहिला तुमच्या दारात थांबतो. पुढे थांबेल का, ते तुम्हीच ठरवा."

अनुसयेचं डोकंच फिरलं. चिठ्ठी तोंडाशी धरून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "टाकी कुठाय?"

सर्जेरावचा मोबाइल वाजला. शेजारच्या दारातून वत्सलाने आपल्या चिठ्ठीला तेच विचारलं. पुन्हा वाजला. मग समोरून, मग पलीकडून, आणि तो वाजतच राहिला.

आता हात जोडावेत असं सर्जेरावला वाटलं, पण मोबाइल कुठे ठेवावा तेच त्याला कळेना.