अकरा सेकंद

दारावरचा अलार्मचा लाल दिवा लागल्यापासून पॅसेजमधला लागेपर्यंत अकरा सेकंद जातात. तेवढं अंतर चालायला मला चार पुरतात. सहा दिवस मी रोज दुपारी मोजते आहे. घरात मी एकटीच असते आणि दार बंदच असतं.

अलार्म बसवणारा शिडीवरून उतरला. "ताई, यंत्र ठणठणीत आहे. कोणी चालल्याशिवाय दिवा लागत नाही. मांजर म्हणाल, तर ते एवढं रमतगमत कशाला जाईल?" तो हसला. "घरात कोणी लंगडतं का?"

"नाही," मी म्हणाले.

लंगडतो माझा दादा. आईची अंगठी हरवली तेव्हा मी त्याच्याकडून घराची किल्ली काढून घेतली आणि हा अलार्म बसवला. महिन्याभरात अंगठी माझ्याच प्रयोगशाळेच्या कोटात सापडली. त्याला सांगायला मला तोंड नव्हतं. आता तो दुसऱ्या शहरात अंथरुणाला खिळलाय.

अलार्मवाला शिडी घेऊन निघून गेला. मी दार लावून खुर्चीत बसले.

दारावरचा दिवा लागला. अकरा सेकंदांनी पॅसेजमधला. मग माझ्या खुर्चीमागचा. मी बसलेली असताना तो आजवर कधीच लागला नव्हता, आणि आता विझत नव्हता.

मी मागे पाहिलं नाही.

"दादा," मी म्हणाले, "अंगठी माझ्याकडेच होती."