पितरांचं आवतण

“तुम्ही माझ्या नवऱ्याला शोधलंच नाहीत,” माया म्हणाली. “फाइल उघडलीत, तिच्यावर चहाचे कप ठेवलेत आणि म्हातारी मरायची वाट बघितलीत.”

पोलीस चौकीचे साहेब मायाच्या सासूच्या, गंगुबाईंच्या फोटोला हार घालायला आले होते. हार त्यांच्या हातातच राहिला. दिवा गावच्या त्या गल्लीत बाराव्याचा मांडव घातला होता, चहूबाजूंनी इमारती, आणि गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघत होती.

“आजचा दिवस तरी नको, मायाताई.”

“मग कधी? सासू होती तोवर दर पाडव्याला माझ्याबरोबर तुमची पायरी चढायची. आता तुम्ही फाइल बंद करून मोकळे व्हाल.”

“शोधायचं तरी कुठून?” साहेब हळू आवाजात म्हणाले. “हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा पिऊन घरातून निघाला, हे आजींनीच सांगितलं. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही.”

तेवढं खरं होतं. पुतणीची, रुचिताची हळद होती. माया दोन दिवस नवरीच्या मागेपुढे होती. तिचा नवरा शिवराम हळदीत दिसला नाही, पण पिऊन कुठेतरी पडला असेल म्हणून कुणी विचारलंही नाही. तो रोजच पडायचा.

नवऱ्याची वाट बघणारी बाई म्हणून गाव मायाचं कौतुक करायचं. गावाला काय जातंय कौतुक करायला! तिला तो घरी नको होता. तो कुठे आहे, एवढंच तिला हवं होतं. इतकी वर्षं रात्री दाराला कडी लावून ती आतून पाटा लोटून ठेवत होती. जिन्यात पाऊल वाजलं की तिचा डावा हात आपोआप डोक्यावर जायचा. तो हात शिवरामनेच मोडला होता. अजून कोपरात सरळ होत नव्हता. शेजारच्या अंथरुणातून गंगुबाई म्हणायची, “नीज गो पोरी, तो काय येत नाय.”

म्हातारी धीर देते, असं मायाला वाटायचं. बाराव्यापर्यंत तिला थोडंफार बरं वाटलं असेल, तर ते तेवढ्या एका वाक्यानं.

गावातल्या म्हाताऱ्या बाबुरावांनी माइक ओढून घेतला. “गंगुवयनी म्हंजे आख्ख्या गावाची आय. खाडीच्या खाजनातल्या मिठागरात डोक्यावर पाट्या वाहिल्या, पोरं वाढवली, आनि या दिव्यात एक लगीन तिच्या धवल्याशिवाय लागलं नाय. सुनेवर हात उगारणाऱ्या स्वताच्या पोराला उंबऱ्याबाहेर उभा केलेली बाई ती! घोडबंदरला टॉवरमधी लग्नाला नेली, तर म्हंते, बाबूभाऊजी, पितर एवढ्या वर चढतील कसं? त्यांना लिफ्ट दावा!”

मांडवात हशा पिकला.

“आणि त्या डीजेवाल्याला, बाबू आजोबा?” रुचिता डोळे पुसत म्हणाली. “‘भोंगा बारीक कर, नायतर तुलाच आवतन देते!’ पोरगा पळालाच.”

पुन्हा हसू. कारण ते आवतण काय असतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. हळदीला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणणारी धवलारीण घरातल्या मेलेल्या माणसांना नावानं हाका मारते, जिथे ज्याचा देह पडला तिथून. जित्या माणसाचं नाव चुकूनही घेत नाही. आणि धवलारीण स्वतः गेली, की तिच्या बाराव्याला तिचं नाव त्या ओळीत चढवायचं, ही गंगुबाईंच्या घरची रीत.

ते करायला कल्याणकडच्या गावातून सुमती आली होती, गंगुबाईंची चेली. ती घाम पुसत गावातल्या म्हाताऱ्यांच्या मध्ये जाऊन बसली. लग्नात याच बायका तिच्यामागे झील धरायच्या.

“मी रुचिताच्या हळदीला शिकले आजीकडून,” सुमती म्हणाली. “आजीनं त्या रातीला जशी नावं घेतली तशीच घेनार हां. मना दुसरी चाल येत नाय.”

“घे गो, घे,” एक म्हातारी म्हणाली. “आज डीजे नाय. नीट आयकू येल.”

मायाने पदर सावरला. इतक्या हळदी झाल्या, पण भिंती हादरवणाऱ्या त्या आवाजात आपल्या सासूचा धवला तिनं धड ऐकलाच नव्हता. आज तिला तो ऐकायचा होता. साहेबही मागच्या खुर्चीत टेकले.

“बांधावरच्या गुनाजीबाबा, हलदीला या,” सुमतीनं सूर लावला.

“हलदीला या,” बायकांनी झील धरली. पातळ, थकलेले आवाज, पण एका लयीत.

“खाडीवरच्या नीलाआये, हलदीला ये.”

“हलदीला ये.”

सासरा, चुलतसासू, पाळण्यातच गेलेली नणंद. मायाच्या डोळ्यांना धार लागली. केवढं घर सांभाळलं होतं म्हातारीनं, जित्यांचं आणि मेलेल्यांचंही!

“खाजनातल्या शिवरामबाला, हलदीला ये.”

“शिवरामबाला, हलदीला ये,” सगळ्या म्हाताऱ्या म्हणाल्या. एकीचीही जीभ अडखळली नाही.

मग त्यांना कळलं, आज डीजे नव्हता.

सुमतीनं पुढची ओळ घेतली. झील धरायला कुणीच नव्हतं. बायकांच्या माना खाली गेल्या, एकीची सोडून. ती साहेबांकडे बघत होती. साहेब खुर्चीतून उठले होते; चहा सकाळचा, आणि हे आवतण आदल्या रात्रीचं.

माया त्या बायकांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“सगळ्यांना ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मग मला एकटीला का नाय सांगितलंत? बोला!”