एका मुलामागे जागा

रूपचंद सरांनी मोबाईलवरच्या शाळेच्या फॉर्मचं बटण पाचव्यांदा दाबलं. पाचव्यांदा चौकट लाल झाली. ‘योग्य संख्या भरा.’

मोबाईल घेऊन ते दारापर्यंत गेले, परत आले. वर्गखोली चारशे चौरस फूट. मुलं शून्य. एका मुलामागे जागा किती, हे मोबाईल आपोआप काढणार होता. ते त्याला निघत नव्हतं.

साक्रीकडच्या पाड्यावरच्या या शाळेतली अकरा मुलं दिवाळीनंतर नावं काढून आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. उरली होती एकटी शीतल, चौथीतली. आज तिचा बाप तेरसिंग तिलाही न्यायला आला होता, म्हणून सरांनी शून्य भरलं होतं.

“पोरनं नाव काढी टाका, सर. जीप उभी शे. तान्हा कोन सांभाळी?”

“तेरसिंगभाऊ, राहू द्या ना तिला आजीजवळ. चांगली शिकतेय.”

“मी नही येस!” शीतलने बाक घट्ट धरला.

तेरसिंगने डोकं खाजवलं आणि जीपवाल्याला थांबवायला तो बाहेर गेला.

“सर, लाल का होतंय?” शीतलने विचारलं.

घाईतही सरांना राहवलं नाही. “चारशे फरश्या आहेत समज. मुलांना सारख्या वाटायच्या, आणि मुलंच नाहीत. एकाला किती?”

“शून्य.”

“उलटं करून बघ. शून्य मुलांना कितीही दे. चारशे संपतील?”

ती बोटांवर काहीतरी करत राहिली. “लाख लाख दिल्या तरी नाही संपणार.”

“म्हणून त्याला उत्तरच नाही. मोबाईल अडून बसतो.”

“माझ्यासारखा,” ती हसली.

सरही हसले. त्यांनी शून्य खोडून एक लिहिला. चारशे. चौकट हिरवी झाली. ते ‘पाठवा’ दाबणार, तोच फोन वाजला. साक्रीच्या शिक्षण ऑफिसातला जितेंद्र. त्याचा आवाज साऱ्या वर्गभर घुमला.

“सर, तुमचाच फॉर्म राहिलाय! दहाच्या आत पट असलेल्या शाळा बंद होणार, आज यादी जातेय. फॉर्म आला नाही तर तुमची शाळा बंदच्या यादीत चढणार नाही, बोलणी मला बसतील. शून्य घेत नाही हो ते. एक मूल दाखवा ना कसंही!”

सरांनी फोन ठेवला. चौकट अजून हिरवीच होती. त्यांनी बोट पुढे नेलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. शीतलकडे त्यांना बघवेना.

बाहेर हॉर्न वाजला. शीतलने दप्तर खांद्याला अडकवलं, दारात परत आलेल्या बापाच्या बाजूने पुढे गेली आणि जीपमध्ये चढून बसली. तेरसिंग बघतच राहिला.

“सर!” ती तिथून ओरडली. “शून्यच टाका. अडून बसू दे मोबाईलला. होळीला बठ्ठी, सगळी पोरं परत येतील.”