दोन सारख्या ओळी

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या लक्षात आले की बांधकाम खात्याच्या संकेतस्थळावरच्या तीन ओळींपैकी पहिली आणि तिसरी अक्षरन् अक्षर सारखी आहे. ओळी नऊलाच जाहीर झाल्या होत्या. मतनोंदणीची ही प्रणाली तिनेच बांधली होती.

नदीवरचा पूल उद्या वाहतुकीला खुला करावा की नाही, यावर तीन अभियंत्यांनी घरूनच मत नोंदवले होते. एकाचा जरी नकार निघाला, तरी पूल बंद राहणार होता. कोणावर दबाव येऊ नये म्हणून मते पाच वाजेपर्यंत गुप्त. मागाहून कोणी शब्द फिरवू नये म्हणून प्रत्येक मताची सांकेतिक ओळ आधीच जगजाहीर. एक ओळ म्हणजे एक बंद पाकीट; पाच वाजता ज्याचे त्याने येऊन, आपले उत्तर सांगून ते उघडायचे. मतात दर वेळी नवा, कोणताही आकडा मिसळायचा, म्हणजे उत्तर एकच असले तरी ओळी वेगळ्या निघतात. चाचणीत ताळा पटकन जुळावा म्हणून तिने तो आकडा सात असा पक्का केला होता. तो काढायचा राहून गेला.

तिने 'होय' आणि सात टाकून पाहिले. पहिली आणि तिसरी ओळ आली. 'नाही' आणि सात. दुसरी.

"कुलूप दणकट लावलंस," शेजारचा सहकारी पडद्याकडे बघत म्हणाला, "पण पेटीच काचेची. आणि हे कळायला तुझं डोकं कशाला हवं? पहिल्याला स्वतःचं उत्तर ठाऊक आहे. तिसरी ओळ आपल्यासारखी, दुसरी नाही. झालं की."

दुसरी ओळ तिघांतल्या निवृत्त अभियंत्यांची होती. ते एकटेच राहत. तिने फोन लावला.

"सर, तुमचं मत फुटलंय. चूक माझी आहे."

"कळलं मला. पूल बांधणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांचे दोन फोन येऊन गेले. मत बदला म्हणाले." त्यांचा आवाज नको इतका शांत होता. "म्हटलं, त्या पोरीने असं काही करून ठेवलंय की आता मला स्वतःलाही ते बदलता येत नाही."

तिला जरा हायसे वाटले. "खरंच येत नाही, सर. दुसरं उत्तर दिलं तर ओळ जुळणारच नाही."

"दुसऱ्या फोनवर तेही हेच म्हणाले. बदलू नका, फक्त पाच वाजता उघडायला येऊ नका. न उघडलेलं पाकीट मोजायचं नाही, हा नियम तुझाच ना गं?"

नियम तिचाच होता.

पलीकडे घंटी वाजली. "थांब हं, कोणीतरी आलंय," ते म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

दहा बावन्नला फोन चालूच होता. दार उघडल्याचे तिला ऐकू आले होते. बंद झाल्याचे अजून आलेले नव्हते.