हिरव्या खड्यांचं सूत्र

बारावीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांपुढं हिरवे खडे, आणि झाडून सगळ्यांनी लिहिलेलं फेरिक सल्फेट! बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना शिसारी आली. फेरिक पिवळट, हिरवं ते फेरस. लोहावरचा विद्युतभार बदलला की सूत्रच बदलतं. कॉलेजच्या सरांनी उत्तर आधीच फोडलं होतं, तेही चुकीचं.

एका मुलीनं मात्र आधी फेरसचं FeSO₄ लिहून मग खोडलं होतं.

“बरोबर होतं की गं! का खोडलंस?”

“सर म्हणाले, खड्यांकडे बघायचं नाही, सांगितलंय तेच लिहायचं.”

तेवढ्यात सर हात चोळत आले. “चला मॅडम, बासुंदी-पुरीचं पान वाढलंय. मार्कांचं जेवताना बघू.”

बाईंनी कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. “भूक मेली माझी. बसा इथं. खड्यांकडे बघा आणि सूत्र लिहा.”