पिवळी फांदी

नर्सरीवाला शिडीवर चढला, फांदी हाताने खाली ओढून बघितली आणि हसायला लागला.

खाली दाताचे डॉक्टर वही घेऊन उभे होते. वहीत त्यांनी नव्या जातीचं नावसुद्धा लिहून ठेवलं होतं. अर्थात स्वतःचंच. अंगणातल्या आलुबुखाराला या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं. सगळ्या फांद्यांना लाल, आणि मागच्या भिंतीकडच्या उंच फांदीला चक्क पिवळं! गेले पाच बहर डॉक्टर दुपारी दवाखाना बंद ठेवून फुलाफुलाला ब्रशने पराग लावत होते. उंच फुलांसाठी ब्रश काठीला बांधत. शेजारी म्हणायचे, डॉक्टर झाडाचे दात घासतायत. डॉक्टर म्हणायचे, "घासू द्या हो, माणसं तरी कुठे येतात हल्ली." आता मात्र त्यांची खात्री पटली होती. ब्रशने संकर घडला होता, नवी जात जन्माला आली होती.

या सगळ्या खटाटोपाचं कारण एकच, दादा. डॉक्टरांचा थोरला भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहायचा, आणि सगळी हयात झाडांत गेलेली. सात वर्षांपूर्वी त्याने हे रोप बघितलं आणि म्हणाला, "याला एकट्याला फळ धरत नाही. जोडीला दुसऱ्या जातीचं लाव." डॉक्टरांनी नुकतीच बागकामाची तीन पुस्तकं वाचली होती, म्हणजे प्रत्येकाची पहिली तीस पानं. ते म्हणाले, "दात काढताना मी तुला विचारतो का?" दादा उठला, चपला घातल्या आणि गेला.

बस्स, एवढंच भांडण. एवढ्यावरून दोन सख्खे भाऊ सात वर्षं बोलले नव्हते. रस्त्यात समोर आले की एक जण पटकन दुकानात शिरायचा. त्यापायी डॉक्टरांच्या घरात नको असलेली तीन कुलपं येऊन पडली होती. दादाची आठवण यायची, खूप यायची. पण आधी फळ धरू दे, मग टोपली भरून त्याच्या दारात जाऊन उभा राहीन, म्हणजे तोच पहिल्यांदा बोलेल, असा त्यांचा बेत होता.

"अहो डॉक्टरसाहेब, संकर कसला घेऊन बसलात?" नर्सरीवाला वरून म्हणाला. "संकर झालाच तर तो आतल्या बीमध्ये. ती पेरायची, झाड वाढवायचं, तेव्हा कुठे नवं फळ दिसणार. ब्रश फिरवून फळाचा रंग नाही बदलत. ही फांदी तुमच्या झाडाची नाहीच. कलम आहे हे. इथे काडी बसवल्याची गाठ दिसतेय. चार वर्षांची तरी असेल. बाकी बांधणाऱ्याचा हात छान आहे हं! यंदा ही पहिल्यांदा फुलली, हिचे पराग बाकीच्या झाडाला मिळाले, म्हणून लाल फळंही धरली."

"मग माझा ब्रश?"

"तोही इथून तिथे फिरला असेल की. एका मधमाशीइतकं श्रेय घ्या तुम्ही."

डॉक्टरांनी वही मिटली. पाचातले चार बहर ते त्याच झाडाचे पराग त्याच झाडाला लावत बसले होते. इतका मूर्खपणा इतक्या नेटाने करायला माणूस शिकलेलाच लागतो, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर वाळत घालत होती.

"कोण आलं होतं?"

"भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही त्या दातांच्या परिषदेला गेला होतात ना, तेव्हा. शिडी मीच धरली. म्हणाले, त्याला सांगू नकोस, छाटून टाकेल."

"मी? मी छाटून टाकेन?" डॉक्टर ओरडले. मग मनाशी कबूल केलं. हो, छाटलीच असती. वर पुस्तकातलं पानही काढून दाखवलं असतं.

आधी लाज वाटली, मग राग आला. राग आला की डॉक्टरांना बरं वाटायचं, विचार करावा लागत नसे. त्यांनी चार पिवळी फळं तोडून खिशात कोंबली आणि घरातल्या चपलांवरच निघाले. वाटेत भाषण जुळवलं. न विचारता माझ्या झाडाला हात लावलासच कसा, हा पहिला मुद्दा. माझ्या बायकोला फितवलंस, हा दुसरा. तिसरा सुचेपर्यंत दादाचं फाटक आलं.

दादा पाइपने वाफ्यांना पाणी घालत होता. केस पार पांढरे झाले होते. पाठ जरा वाकली होती. सात वर्षांत डॉक्टरांनी त्याला इतक्या जवळून बघितलंच नव्हतं. भाषणातला एकही मुद्दा आठवेना. त्यांनी खिशातली फळं काढून पुढे धरली. त्यातलं एक फुटून मनगटावरून रस ओघळत होता.

"चोरून करायचं, तर नीट तरी करायचं होतंस!" ते ओरडले. "लाल जातीची काडी बांधली असतीस, तर मला जन्मात कळलं नसतं!"

दादाने नळ बंद केला.

"म्हणून तर पिवळी बांधली," तो म्हणाला. "चार वर्षं वाट बघतोय, कधी येतोस भांडायला."